सांगोल्याची वाट आणि डोळ्याखालची झोळी

पंढरपूर मागे टाकून सांगोल्याच्या रस्त्याला लागलात की थोड्याच वेळात भूमीचा रंग पालटू लागतो. भीमाकाठचा ऊस विरळ होतो. मुरमाड माळ, बाभळी, बोरी आणि मधूनच उन्हापासून जपण्यासाठी पांढरे कापड पांघरलेल्या डाळिंबाच्या बागा दिसू लागतात. अंतर जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरांचे. पण तेवढ्यात आपण नदीकाठ सोडून माणदेशात येतो. ज्या माण नदीवरून या मुलुखाला हे नाव मिळाले, तिचे पात्र वर्षाचा बराच काळ वाळूचेच असते. पाऊस कमी, ऊन कडक आणि वारा कोरडा. मातीची बारीक धूळ अंगावर, कपड्यांवर आणि सर्वांत आधी डोळ्यांत उतरते.

महिन्यातील एखादा रविवार मी सांगोल्यात रुग्ण तपासण्यासाठी घालवतो. मी नेत्रतज्ज्ञ नाही; घरोघरीचा साधा डॉक्टर आहे. रक्तदाब, साखर, गुडघे आणि खोकला हेच माझे नित्याचे विषय. तरीही या गावाच्या वाटेवर मला एका छोट्याशा अवयवाविषयी आपल्याशी बोलावेसे वाटते. तो अवयव म्हणजे खालची पापणी. पापणी म्हटले की आपल्या मनात केस येतात. येथे मात्र मला डोळ्याचे झाकण अभिप्रेत आहे. या झाकणाची जागा वयोमानाने चळते आणि आपण ‘म्हातारपण आहे, चालायचेच’ असे म्हणून ती गोष्ट सोडून देतो. वास्तविक ती बहुतेक वेळा दुरुस्त होण्याजोगी असते. सोडून दिल्यास कधी कधी त्याची किंमत दृष्टीने मोजावी लागते.

रविवारचा बाजार

सांगोल्याचा आठवडा बाजार रविवारी भरतो आणि त्यातील जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. खिलार बैलांची डौलदार शिंगे, शेळ्या-मेंढ्यांचे कळप, उपरण्याखाली बोटांच्या खुणांनी चाललेले सौदे पाहण्यास माणसाने एकदा तरी यावे. पण वैद्याची नजर बैलांवरून पुन्हा माणसांच्या चेहऱ्यांवर येते. सत्तरी ओलांडलेल्या चेहऱ्यांकडे नीट पाहिलेत तर आपल्याही ध्यानात येईल : कुणाच्या खालच्या पापणीची कड डोळ्यापासून सुटून खाली लोंबते आहे, तिच्या आतला लालसर भाग उघडा पडला आहे, गालावरून पाण्याची धार वाहते आहे आणि हात सारखा उपरण्याकडे जातो आहे.

अशाच एका मेंढपाळ आबांना मी विचारले, ‘‘आबा, डोळ्यातून पाणी किती दिवस येतंय?’’ ते म्हणाले, ‘‘आता वय झालं न्हवं का डाक्टर, डोळं गळायचंच!’’

या उत्तरात आपल्या समाजाची सारी समजूत सामावलेली आहे. म्हणून आधी ही पापणी असते तरी कशी, ते पाहू.

शेतात काम करणारी आई तान्ह्या लेकराला झोळीत निजवते. झोळीची दोन टोके दोन फांद्यांना घट्ट बांधलेली असतात. खालची पापणी अशीच एक झोळी आहे. तिचे एक टोक नाकाच्या बाजूच्या हाडाला आणि दुसरे कानशिलाच्या बाजूच्या हाडाला चिवट तंतूंनी बांधलेले असते. मधल्या कापडाला ताठपणा यावा म्हणून आत एक पातळ, कूर्चेसारखी पट्टी असते. खालच्या अंगाने आणखी काही तंतू तिला जमिनीकडे ताणून धरतात, म्हणजे कड आत वळत नाही. नाकाकडच्या कोपऱ्यात कडेवर टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र असते. डोळ्यातील अश्रू तेथून नाकात उतरतात. पापणी मिटली-उघडली की जणू पंप चालतो.

वयानुसार झोळीची दोरी सैल पडते. कापड लोंबू लागले की ती कड बाहेर वळते. यास वैद्यकीय भाषेत एक्ट्रोपियन म्हणतात. अश्रूंचे छिद्र डोळ्यापासून दूर जाते, म्हणून पाणी गालावर सांडते. उघडा पडलेला भाग कोरडा होऊन सुजतो, लाल होतो. माणूस डोळा पुसतो, आणि पुसताना हात नेहमी वरून खाली जातो. प्रत्येक पुसण्याबरोबर सैल झोळी आणखी खाली ओढली जाते. सांगोल्याच्या धुळीत दिवसातून शंभर वेळा डोळा पुसणाऱ्या माणसाचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

यावरचा मूळ उपाय म्हणजे दोरी पुन्हा ताणून बांधणे. १९७९ साली अँडरसन आणि गॉर्डी या शल्यविशारदांनी वर्णन केलेली ‘लॅटरल टार्सल स्ट्रिप’ ही शस्त्रक्रिया आज जगभर यासाठी वापरली जाते. कानशिलाच्या बाजूच्या कोपऱ्यात लहानसा छेद घेऊन पापणीचे सैल टोक मोकळे करतात, जास्तीचा भाग कमी करतात आणि उरलेली पट्टी हाडावरील आवरणाला टाक्यांनी पक्की करतात. बहुधा ती जागा सुन्न करण्याचे इंजेक्शन पुरते; पूर्ण भूल लागत नाही. एका डोळ्यास साधारण अर्धा-पाऊण तास लागतो आणि रुग्ण बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जातो. केवळ नाकाकडची कड बाहेर वळली असेल, तर पापणीच्या आतल्या बाजूने लहानसा तुकडा काढून टाके घालतात आणि ते छिद्र पुन्हा डोळ्याला टेकवतात. वय ऐंशी आहे म्हणून ही शस्त्रक्रिया करता येत नाही, असे नसते.

आबांचा प्रश्न पापणीपुरताच नव्हता. त्यांना मोतीबिंदूही होता आणि शिबिरात नाव घालण्याची घाई होती. आपल्या घरातही असा प्रसंग येऊ शकतो, म्हणून सांगतो : पापणी उघडी, सुजलेली किंवा आत वळलेली असेल, तर नेत्रतज्ज्ञ सहसा आधी ती दुरुस्त करून मग मोतीबिंदूला हात घालतात. सुजलेल्या पापणीमुळे डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. शिबिराच्या डॉक्टरांनी ‘आधी पापणी’ असे म्हटले, तर ती टाळाटाळ समजू नये.

नाझऱ्याची पोथी आणि आत वळलेली कड

सांगोला तालुक्यातच नाझरे हे गाव आहे. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ हे ग्रंथ लिहिणारे श्रीधरस्वामी येथले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी श्रावणात शिवलीलामृताचे वाचन होत असेल. त्या बाजूच्या एका आजी अलीकडे पोथी वाचीनाशा झाल्या होत्या. घरच्यांना वाटले, चष्म्याचा नंबर वाढला. चष्मा बदलला, तरी आजी अंधाऱ्या खोलीत डोळा मिटून बसू लागल्या. ‘‘डोळ्यात कुसळ सलतंय’’ एवढेच त्या म्हणत.

कुसळ बाहेरून आलेले नव्हते. त्यांची खालची पापणी आत वळली होती आणि पापणीचे केस बुबुळावरील पारदर्शक पडद्याला घासत होते. प्रत्येक उघडझापेला झाडूचा एक फटका! यास एन्ट्रोपियन म्हणतात. यात झोळीची दोरी तर सैल असतेच, शिवाय खालून ताणून धरणारे तंतूही सुटलेले असतात, म्हणून कड आत गुंडाळली जाते. माणूस डोळा घट्ट मिटतो, तशी ती आणखी आत जाते.

बाहेर वळलेल्या पापणीपेक्षा ही आत वळलेली पापणी अधिक घाईची. घासून घासून पडद्यावर ओरखडे उमटतात, ओरखड्यात जंतू शिरतात आणि तेथे जखम होते. जखम भरली तरी पांढरा डाग, म्हणजे फूल, मागे राहू शकते. तो मध्यभागी असेल तर नजर कायमची अधू होते.

यावर तात्पुरता आणि कायमचा असे दोन मार्ग आहेत. तात्पुरता असा : कागदी चिकटपट्टीचे एक टोक पापणीच्या कडेखाली लावून दुसरे गालावर, थोडे बाहेरच्या दिशेने ओढून चिकटवावे, म्हणजे केस बुबुळापासून दूर होतात. हे डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्यावे. प्रकृती फारच नाजूक असेल, तर पापणीला बाहेर वळवणारे दोन-तीन टाके दवाखान्यातच घालता येतात. त्यांचा गुण लगेच दिसतो, पण काही महिन्यांनी वा वर्षांनी कड पुन्हा आत वळू शकते. टिकाऊ उपाय म्हणजे सुटलेले तंतू जागेवर शिवणे आणि त्याच बैठकीत कानशिलाकडची दोरी ताणणे. दोन्ही दोष एकदम दुरुस्त केले, तर त्रास उलटण्याची शक्यता पुष्कळच कमी होते.

कित्येक घरी टोचणारे केस चिमट्याने उपटण्याची पद्धत आहे. ते चार-सहा आठवड्यांत पुन्हा उगवतात आणि नवा आखूड केस अधिक टोचतो. पापणी वळलेली असताना केस उपटणे म्हणजे गळक्या छपराखाली रोज भांडे बदलण्यासारखे आहे.

हे दुखणे नवे नाही आणि त्यावरची शस्त्रक्रियाही नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापण्यांच्या रोगांची सविस्तर गणना आहे. केस डोळ्यात टोचत असतील, तर पापणीच्या त्वचेचा जवाच्या दाण्याच्या आकाराचा तुकडा काढावा आणि केसाने टाके घालावेत, असा विधी तेथे सांगितला आहे. आजचा धागा निराळा आणि जागा सुन्न करण्याची सोय नवी. पण कड ओढून बाहेर काढण्याचे तत्त्व तेच आहे.

शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांनी आजी भेटल्या, तेव्हा डोळ्याखाली अजून किंचित निळसर सूज होती. परंतु त्या ओसरीवर, उजेडात बसल्या होत्या आणि समोर पोथी उघडी होती.

डाळिंबाचा काटा

सांगोल्याचे वैभव म्हणजे डाळिंब. दुष्काळी माळावर ठिबकच्या थेंबांवर वाढवलेल्या या फळाने येथील अनेक घरांचे दिवस पालटले. २०२० च्या डिसेंबरात शंभरावी किसान रेल्वे निघाली, ती याच सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारला. बाजार समितीत लालचुटूक फळांचे ढीग पाहताना त्यामागच्या फांद्यांना काटे आहेत, याचा विसर पडतो. छाटणीच्या दिवसांत ओढलेली फांदी सटकन परत येते आणि काटा चेहऱ्यावर बसतो.

काटा पापणीला, विशेषतः नाकाकडच्या कोपऱ्यात लागून चिरले असेल, तर ती जखम वरवरची समजू नये. तेथेच अश्रूंची नळी आहे. ती तुटली असेल तर एक-दोन दिवसांतच कुशल हाताने जोडून घ्यावी लागते. उशीर झाला तर पाणी कायमचे वाहत राहू शकते. काटा बुबुळाला लागला असेल, तर वनस्पतीच्या जखमेतून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. तो हळूहळू वाढतो आणि फार हट्टी असतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले तर सुरुवातीला बरे वाटते आणि आत बुरशी फोफावते. पापणी नीट मिटत नसलेल्या वृद्धाच्या बाबतीत हा धोका दुप्पट समजावा. छाटणीच्या वेळी साधा पारदर्शक गॉगल घालावा. हा या गावाने साऱ्या महाराष्ट्राला घालून द्यावा असा धडा ठरेल.

जुन्या जखमेचा, भाजल्याचा किंवा वर्षानुवर्षांच्या उन्हाने आकसलेल्या कातडीचा व्रण पापणीला खाली खेचून धरतो. तेथे केवळ दोरी ताणून भागत नाही, कारण कापडच अपुरे असते. मग वरच्या पापणीची किंवा कानामागची कातडी घेऊन ठिगळ लावतात. ती कातडी पातळ आणि रंगाला जुळणारी असते, म्हणून काही महिन्यांनी ठिगळ सहसा नजरेत भरत नाही.

चेहऱ्याची एक बाजू

एके सकाळी आरशात पाहिले आणि एक डोळा मिटेना, तोंड एका बाजूला गेले, चूळ भरताना पाणी ओघळले. असे झाले तर काय करावे? सर्वप्रथम, हा अर्धांगाचा झटका आहे की नाही हे घरी ठरवत बसू नये. हातापायात कमजोरी, बोलण्यात अडखळ, तोल जाणे यांपैकी काही सोबत असेल तर १०८ ला फोन करून तत्काळ रुग्णालय गाठावे. पक्षाघातावरील काही उपचार पहिल्या साडेचार तासांतच देता येतात. केवळ चेहऱ्याची नस सुजून आलेला लकवा असेल, तर पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरी देखरेखीखाली सुरू केलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या लाभदायक ठरतात आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरे होतात. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवूनच हे औषध घ्यावे लागते.

या काळात खरी जोखीम असते डोळ्याला. वरची पापणी मिटत नाही, खालची लोंबते आणि बुबुळ उघडे राहते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून चिकटपट्टी, एवढे केले तरी बहुतेक डोळे वाचतात. पट्टी लावताना पापणी खरोखर मिटली आहे ना, हे पाहावे. अर्धवट उघड्या डोळ्यावर ठेवलेला कापूस किंवा जाळीचे कापड बुबुळाला घासून उलट इजाच करते.

नस सुधारण्याची आशा असेतोवर कायमची शस्त्रक्रिया करीत नाहीत. डोळा धोक्यात आला तर दोन्ही पापण्यांच्या बाहेरच्या कडा काही काळापुरत्या एकत्र शिवतात. पुष्कळ महिने वाट पाहूनही नस जागी झाली नाही, तर वरच्या पापणीत सोन्याचे वा प्लॅटिनमचे लहान वजन बसवतात, म्हणजे ती आपल्या भारानेच मिटते. खालची पापणी मघाच्याच पद्धतीने ताणून घेतात.

महाराष्ट्राला या शस्त्रक्रियांचा एक मोठा वारसा आहे. कुष्ठरोगातही चेहऱ्याची नस निकामी होऊन डोळा उघडा राहतो. पुण्याजवळ कोंढव्याला आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरुग्णांचे हात आणि चेहरे पुन्हा घडवण्याचे काम केले, तेही समाज या रुग्णांना जवळ करीत नसताना. अशा रुग्णांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका शस्त्रक्रियेत कानशिलावरील चावण्याच्या स्नायूची पट्टी पापण्यांच्या कडेतून ओवून घेतात. मग रुग्णाने दातावर दात दाबले की डोळा मिटतो! काही दिवसांच्या सरावाने ते अंगवळणी पडते.

एक डोळा लहान, एक मोठा

आपल्यापैकी बहुतेकांचे दोन्ही डोळे तंतोतंत सारखे नसतात. म्हणून ‘एक डोळा लहान दिसतो’ अशी शंका आली, तर पहिले काम म्हणजे कपाटातला जुना फोटो काढणे. वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या फोटोतही तसेच असेल, तर बहुधा काळजीचे कारण नाही. फरक नवा असेल, तर तपासणी हवी आणि पहिला प्रश्न असा : बिघडलेला डोळा कोणता? लहान दिसणाऱ्या डोळ्याची वरची पापणी पडली असेल किंवा मोठ्या दिसणाऱ्या डोळ्याची खालची पापणी ओढली गेली असेल. चुकीच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करून चेहरा जुळत नाही.

बुबुळाच्या खाली पांढरे दिसू लागले, डोळा बटबटीत वाटू लागला, तर थायरॉइडची तपासणी करावी. थायरॉइडच्या डोळेविकारात आधी आजार शांत होऊ द्यावा लागतो; साधारण सहा महिने स्थिर राहिल्यावरच पापणीचा विचार होतो. अशा आखडलेल्या पापणीला वर आणण्यासाठी टाळूच्या आतले अस्तर किंवा कानाची कूर्चा आधार म्हणून बसवतात. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर रुग्णाने आणि इतरांनीही ती बंद करावी; धुराने हा विकार बळावतो. डोळ्याखालच्या पिशव्या काढण्याची सौंदर्यशस्त्रक्रिया करताना जास्त कातडी गेली, तरी पापणी अशीच खाली खेचली जाते. त्यामुळे तशी शस्त्रक्रिया करून घेण्याआधी पापणी किती सैल आहे, हे तपासून घ्यावे.

काही खुणांना मात्र थांबू नये. एकाएकी वरची पापणी पडणे आणि दोन-दोन दिसणे, दोन बाहुल्या लहान-मोठ्या होणे, डोळा पुढे येणे, पापणीवरील गाठ एकाच जागी पुन्हा पुन्हा येणे, त्या जागचे केस गळणे. अशा वरवर साध्या दिसणाऱ्या गाठीत क्वचित कर्करोगही दडलेला असतो. काढलेली गाठ तपासणीला पाठवण्याचा आग्रह धरावा.

मिरजेची गाडी

सांगोल्याच्या रेल्वे स्थानकावर उभे राहिले की मला जुन्या बार्शी लाइटची आठवण होते. लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला असे करीत ती छोटी गाडी १९२७ पासून मिरजेपर्यंत धावू लागली. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले होते आणि पुढे ते गाव दवाखान्यांसाठीच ओळखले जाऊ लागले. वारकऱ्यांना पंढरीला नेणारी गाडी परतीच्या दिशेने रुग्णांना मिरजेला नेत असे. आज रूळ रुंद झाले आहेत आणि रत्नागिरीहून सोलापूरकडे जाणारा महामार्गही गावाजवळून गेला आहे. सोलापूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मिरज आणि पुणेही दिवसाच्या प्रवासात आहेत. वाट सोपी झाली आहे. अडते ते निघण्यापाशी.

निघताना नेत्रतज्ज्ञांकडेच जावे आणि पापणीचे काम अवघड असेल तर ऑक्युलोप्लास्टी केलेल्या शल्यचिकित्सकाची चौकशी करावी. सोबत जुने फोटो, औषधांची यादी, साखर आणि रक्तदाबाच्या नोंदी घ्याव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. त्या बंद करायच्या की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे. डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पापणी कशामुळे वळली? कोणता दोष दुरुस्त करणार? पुन्हा त्रास उलटण्याची शक्यता किती? शस्त्रक्रियेचा पहिला हेतू डोळा झाकला जावा, पाणी आणि टोचणे थांबावे हा असतो. दोन्ही डोळे अधिक सारखे दिसू लागतात. अगदी एकसारखे होतीलच, असे वचन कुणी दिले तर सावध राहावे.

घरच्या माणसांसाठी

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन दिवस स्वच्छ कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा हलका शेक द्यावा, उशी उंच ठेवावी. सूज आणि निळेपणा साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. टाके आठवडा-दहा दिवसांत काढतात, काही आपोआप विरघळतात. डोळा चोळू देऊ नये, वाकून जड वस्तू उचलू देऊ नये. डोळ्यात तीव्र वेदना, ताठर सूज किंवा अचानक अंधुक दिसणे यांपैकी काही झाले तर रात्र असली तरी रुग्णालयात न्यावे. क्वचित डोळ्यामागे रक्त साठते आणि तेव्हा तास मोलाचे असतात.

शस्त्रक्रिया होईपर्यंत, किंवा ती करायची नसेल तरीही, डोळा पुसण्याची सवय बदलावी. स्वच्छ मऊ कापडाने खालून वर आणि नाकाच्या दिशेने अलगद टिपावे; खाली ओढू नये. मध, तूप, दूध, झाडपाल्याचा रस यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. उन्हात बाजूंनी झाकणारा गॉगल आणि रुंद काठाची टोपी वापरावी किंवा डोईचा पदर कपाळावर पुढे ओढून घ्यावा.

आणि एक विनंती. आज संध्याकाळी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या समोर, उजेडात, दोन मिनिटे बसा. त्यांच्या डोळ्यांकडे पाहा. खालची कड डोळ्याला टेकली आहे का? आतला लाल भाग दिसतो का? केस आत वळले आहेत का? झोपेत डोळा पूर्ण मिटतो का? यांपैकी एखाद्या गोष्टीची शंका आली, तर ‘वय झाले’ हे उत्तर स्वीकारू नका. वय दोरी सैल करते, हे खरे. ती पुन्हा बांधणारे हात मात्र आता मिरजेत आहेत, सोलापुरात आहेत, आणि सांगोल्याहून तेथवर जाण्यास सकाळची एक गाडी पुरते.